सत्तर फ्लॅट आणि सात डोकी

पत्र : सप्रेम नमस्कार. पुण्याजवळ फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेल्या एका संकुलात आम्ही राहतो. ७० फ्लॅट, १०४ रहिवासी, बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे. माझं वय ६६, म्हणजे इथली मी शेंडेफळच. त्यामुळे ‘आरोग्य आणि सांस्कृतिक’ खातं माझ्या गळ्यात पडलं. महिन्याला २०,००० रुपये मिळतात. रोज सकाळी सातला योगवर्ग आणि दर शनिवारी संध्याकाळी सातला व्याख्यान किंवा गाणी असं ठेवलंय. योगाला तीच सात डोकी. व्याख्यानाला दहा-बारा जण येतात, त्यातले निम्मे डुलक्या काढतात. पुरुषमंडळी तर टीव्हीवरच्या बातम्या सोडून हलत नाहीत. गेल्या महिन्यात ७९ वर्षांच्या एक काकू योगवर्गात वृक्षासन करताना तोल जाऊन पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्या घराबाहेर आलेल्या नाहीत. समितीतले काही जण म्हणतात, वर्गच बंद करा. चुकतं कुठे, लोकांचं की माझं?

उत्तर : ताई, तुमचं वेळापत्रक पुन्हा एकदा काढून बघा. शनिवारी लोकांनी करायचं काम एकच आहे, येऊन बसणं. ज्यांनी चाळीस वर्षं बँक, शाळा, कारखाना नाहीतर दहा माणसांचं घर चालवलं, त्यांना ‘या, बसा, ऐका’ एवढंच सांगितलं तर ते घरीच बसतील, कारण घरची खुर्ची जास्त मऊ असते. तेव्हा बदल दोन करायचे. लोकांना श्रोते म्हणून न बोलावता काहीतरी काम देऊन बोलवायचं. आणि वर्ग बंद न करता, तो ज्या शरीरांसाठी आहे त्यांना झेपेल असा करायचा.

सुरुवात वहीपासून करा. ‘तुम्हाला कोणते कार्यक्रम आवडतील?’ असा छापील कागद वाटू नका, ‘काहीही चालेल’ एवढंच उत्तर येतं. दोघांनी मिळून रोज चार-पाच घरी जायचं, प्रत्येक घरी पंधरा मिनिटं, उत्तरं वहीत लिहायची. ७० घरं तीन आठवड्यांत होतात. विचारायचं ते असं : तुम्हाला काय येतं, जे दुसऱ्याला शिकवता येईल? कामवाली, डबा, औषधं, झोप यांच्या वेळा काय? हॉलपर्यंत यायला काय आड येतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळत नाही, उठायची वेळ झाली की मिळतं. ‘ह्यांना एकटं सोडून कशी येऊ?’, ‘ऐकू येत नाही, नुसतं हसत बसावं लागतं’, ‘लघवीला सारखं जावं लागतं, मधून उठायची लाज वाटते’. तुमची रिकामी खुर्ची यातल्याच कशाने तरी रिकामी आहे.

वेळांचंच बघा. सकाळी सातला संधिवात असलेल्यांचे सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात. रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली, की पुढचे दोन-चार तास माणूस संडास-बाथरूमपासून लांब जायला धजत नाही. नऊ ते साडेदहा कामवाल्या बायका, साडेबाराला डबा, एक ते साडेतीन वामकुक्षी. संध्याकाळी सातनंतर मालिका सुरू होतात, आणि तसंही अंधारात घरी परतायला कुणाला आवडत नाही. उरतात दोन पट्टे : सकाळी पावणेअकरा ते पावणेबारा आणि दुपारी साडेचार ते साडेपाच. व्यायाम पहिल्यात, बाकी सगळं दुसऱ्यात. सकाळचा कार्यक्रम मात्र पावणेबाराला संपलाच पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण लांबलं की साखर उतरते. हॉलमध्ये साखरेची बरणी आणि पाणी कायम ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन.

आता हॉलच्या दारात उभं राहून खाली बघा. चपलांचा ढीग दिसेल. एका पायावर उभं राहून, भिंतीला हात टेकून चप्पल काढणं म्हणजे वृक्षासनच की, फक्त गुरुजींशिवाय. दारापाशी हाताची एक भक्कम खुर्ची किंवा बाक ठेवा, शेजारी गुडघ्याच्या उंचीवर चपलांची मांडणी. त्याहून बरं म्हणजे, रबरी तळाचे, मागून बंद असलेले, फक्त घरात आणि हॉलमध्ये घालायचे बूट चालतील असं जाहीर करा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चालणं सगळ्यात वाईट. सतरंजी गुंडाळून कपाटात टाका. तिचा दुमडलेला काठ आणि पाय न उचलता फरफटत चालायची सवय एकत्र आली की माणूस पडतोच.

लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या व्यायामाला चालत नाहीत. पाय पसरतात, मागे सरकतात. बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना हात, पायांना रबरी टोप्या आणि पाठ भिंतीला लागलेली, अशा २० खुर्च्या हव्यात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोचतो, म्हणून दिवे वाढवा. वक्त्याला मात्र खिडकीसमोर उभं करू नका, तोंड काळं दिसतं आणि ओठ वाचता येत नाहीत. ऐकू कमी येणाऱ्यांपैकी कितीतरी जण नकळत ओठच वाचत असतात. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ हरवतात आणि ‘सात’चं ‘आठ’ होतं. श्रवणयंत्र शब्दाबरोबर पंख्याची घरघरही मोठी करतं. म्हणून माइकचा आवाज चढवत बसण्यापेक्षा खडखडणारे पंखे बंद करा, काचेच्या भिंतीवर जाड पडदे लावा आणि कॉलरला लावायचा माइक घ्या. हातातला माइक बोलणारा हळूहळू पोटापर्यंत खाली नेतो.

फलकावरच्या सूचना देवनागरीत किमान २४ पॉइंटमध्ये, पांढऱ्यावर काळ्या. जोडाक्षरं आणि मात्रा बारीक टाइपात एकमेकांत मिसळतात. फलक बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावा.

आता व्यायाम. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं आहे. तुमच्या योगवर्गात लवचीकपणा आणि श्वसन भरपूर असेल, पण पायांची ताकद आणि तोल टप्प्याटप्प्यानं वाढवणं त्यात नाही. वृक्षासन ही त्या वाटेवरची शेवटची पायरी आहे. काकूंना पहिल्या पाच पायऱ्या वगळून तिथे उभं केलं गेलं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला एक व्यायामक्रम आहे. घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम आणि चालणं, बस्स. तो घरी नियमित करणाऱ्या वृद्धांचं पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. त्यात दिसायला देखणं काहीच नाही.

वर्गाचे दोन गट करा, एक बैठा आणि एक उभा, पण वयावरून किंवा ओळखीवरून नको. मोजून करा. वर सांगितलेल्या खुर्चीत बसवायचं, हात छातीवर फुलीसारखे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वयात बाईंना १० पेक्षा आणि पुरुषांना ११ पेक्षा कमी जमलं, ८० ते ८४ मध्ये ९ आणि १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. लाज वाटू नये म्हणून ही चाचणी चारचौघांत न करता एकेकाला बोलावून करा. दुसरी चाचणी : खुर्चीतून उठून तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो माणूस बैठ्या गटात. ज्यांना उठल्यावर अंधारी येते त्यांचा रक्तदाब पाच मिनिटं आडवं ठेवून आणि मग उभं केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० नं उतरला तर व्यायामाआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटायचं. बहुतेक वेळा एखादी गोळी बदलायची असते.

बैठ्या गटाचा ४० मिनिटांचा वर्ग असा चालवा. पहिली पाच मिनिटं विचारपूस : रात्री चक्कर आली का, नवीन औषध सुरू झालं का, नाश्ता झाला का. मग आठ मिनिटं बसूनच घोटे, गुडघे, खांदे. मान डावी-उजवीकडे वळवायची, गरागरा फिरवायची नाही. मग बारा मिनिटं ताकद : खुर्चीतून उठ-बस आठ वेळा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा आठ. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं दहा वेळा. बसून गुडघा सरळ करणं दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, घोट्याला अर्ध्या किलोची पिशवी बांधून. पिशवी विकत आणायला नको. मांजरपाटाची शिवून, त्यात वाळू भरून, वर वेल्क्रो लावला की झालं. शिवणारे हात तुमच्याच संकुलात आहेत. दहाचे दोन फेरे सहज व्हायला लागले की वजन पाव किलोनं वाढवा, त्याआधी नाही. पुढची आठ मिनिटं तोल : आधी पावलं जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून एकामागे एक. प्रत्येकी दहा सेकंद, बोटं खुर्चीच्या पाठीवर. दहा सेकंद न डगमगता झाले की चारऐवजी दोन बोटं टेकवायची. शेवटी शांत श्वसन, आणि उठायच्या आधी दोन मिनिटं पाय हलवत बसायचं.

गोष्टी बिघडतात त्या ठरलेल्या ठिकाणी. जोर लावताना लोक श्वास कोंडतात आणि रक्तदाब उसळतो. म्हणून सगळ्यांनी मोठ्यानं आकडे म्हणायचे. आकडे म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. मागच्या रांगेतला माणूस पुढच्या तरबेज बाईंची नक्कल करायला जातो, म्हणून रांगा न करता अर्धवर्तुळ करा. शिक्षक एक असेल तर बैठ्या गटात आठ ते दहाच्या वर माणसं नकोत. हाडं ठिसूळ झालेल्यांना पुढे वाकण्याची आसनं नकोत, पश्चिमोत्तानासनात मणका चेपू शकतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काहीच नको. रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांना कपालभाती नको. गुडघा बदललेल्यांना मांडी घालायचा आग्रह नको, मग ते ध्यान असलं तरी. तुमचे योगशिक्षक हे ऐकून घेतील तर त्यांनाच ठेवा आणि आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांसोबत काम केलेला फिजिओथेरपिस्ट जोडीला घ्या. ‘माझ्या वर्गात सगळे सगळं करतात’ म्हणाले तर नमस्कार करून निरोप द्या.

कुणी पडलंच तर काखेत हात घालून लगेच उचलायचं नाही. आडवं राहू द्या, बोलत राहा. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असं समजून १०८. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ‘मला काही झालं नाही’ म्हणत असले तरी दवाखान्यात न्यायचंच. डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनी बोलतो.

आता शनिवार. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावर प्रत्येकाला एक रोप दिलं, ते तुम्हीच सांभाळा म्हटलं, आणि सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही त्यांनाच ठरवू दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी नर्स घालणार, सिनेमाची रात्रही नेमून दिलेली. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त हिंडता-फिरता आणि खुशीत होता. प्रयोग लहान होता. पुढे मृत्यूदराबद्दलच्या आकडेमोडीत दुरुस्तीही करावी लागली, तेव्हा रोप दिल्यानं आयुष्य वाढतं असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. पण पाणी कोण घालतं, हा प्रश्न तुमच्या उपयोगाचा आहे.

वहीत आता ‘मला काय येतं’ हा रकाना भरलेला असेल. त्यातून कामं नेमून द्या. निवृत्त बँकवाल्यांकडे बुधवारी तासभर ‘हयातीचा दाखला, मुदत ठेवी, मोबाइलवरून पैसे’ असं टेबल. फोनवरून फसवणारे काय काय बोलतात ते त्याच टेबलावर. शिक्षिका असतील तर वॉचमन आणि कामवाल्यांच्या मुलांचा अभ्यास, आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास. इंजिनिअर मंडळींना पाण्याच्या टाकीची, जनरेटरच्या डिझेलची नोंद आणि प्रत्येक बाथरूमच्या आधाराच्या दांड्या घट्ट आहेत का याची महिन्याची पाहणी. दांडी डुगडुगत असेल तर तिचा आधार हाच धोका. पुरुष बातम्यांपासून उठत नाहीत ते आळसानं नाही. ‘सांस्कृतिक कार्यक्रमाला या’ या निमंत्रणात त्यांना करण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्यासाठी दुपारी साडेचारला पत्त्यांची दोन टेबलं आणि कॅरम मांडून ठेवा, निमंत्रण वगैरे काही नको. ब्रिजला आणि मेंढीकोटाला चार लागतात. चौथा कमी पडला की उरलेले तिघेच त्याला घरून उठवून आणतात, तुम्हाला जावं लागत नाही.

गाण्यांसाठी बाहेरचा ऑर्केस्ट्रा नको. गाण्याच्या भेंड्या लावा, पण अक्षरावरून नाही, त्यात दोन हुशार बायकाच जिंकतात. शब्दावरून लावा : पाऊस, चांदणं, आई, रेल्वे. स्मरण कमी झालेल्यांनाही धृपदाची ओळ बरेचदा जशीच्या तशी आठवते, ती त्यांच्याकडून काढायची.

नवरात्रात भोंडला करा, आणि नुसता हौसेपुरता नको. पाटावर हत्ती, त्याभोवती फेर. फेर धरताना पाऊल बाजूला पडतं, आणि बाजूला पाऊल टाकणं हा तोलाचा उत्तम सराव आहे. एकेक ओळ वाढत जाणारी गाणी म्हणताना स्मरणाला काम मिळतं. खिरापत ओळखायला तर नाक, डोकं आणि जीभ तिन्ही लागतात. फेर सावकाश. ज्यांना उभं राहणं झेपत नाही त्यांची खुर्च्यांची आतली वर्तुळं करा, बाहेर नको, म्हणजे गाणं त्यांच्याकडे तोंड करून होतं. खिरापत ओळखताना साखरवाल्यांनी खाऊन नाही, वासावरून ओळखायचं असा नियम करा.

हळदीकुंकवाबद्दल स्पष्ट सांगते. तुमच्या संकुलातल्या निम्म्याशिम्म्या बायकांचे नवरे हयात नसतील. त्या दिवशी हॉलला कुलूप लावलेलं परवडेल, पण ‘सवाष्णींसाठी’ असा कागद फलकावर नको. संक्रांतीला सगळ्यांसाठी तिळगूळ, वाण लुटणं सगळ्यांच्या हातून, पुरुषांच्याही. एखादी जुन्या वळणाची बाई कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पैशाचं म्हणाल तर २०,००० पुरेसे आहेत. आज निम्मे योगाला आणि बहुतेक उरलेले शनिवारच्या मानधनात, हारतुऱ्यांत, अल्पोपाहारात जात असतील. हारतुरे बंद करा. १२,००० दोन्ही शिक्षकांत, ४,००० खुर्च्या-पडदे-दिव्यांसाठी दर महिन्याला साठवायचे, २,००० चहाला आणि २,००० हाताशी. पाहुणा वक्ता दोन महिन्यांतून एकदा, २५ मिनिटं बोलेल आणि २० मिनिटं प्रश्नांची उत्तरं देईल या अटीवर.

हजेरी मोजायची पद्धतही बदला. ‘किती आले’ हा आकडा फसवा आहे, तेच सात जण रोज आले तरी महिन्याची बेरीज दोनशेवर जाते. त्याऐवजी दर रविवारी वही उघडून बघायचं, या पंधरवड्यात कोणत्या फ्लॅटमधलं कुणीही कुठेच दिसलं नाही. ती यादी तुमचं खरं काम. त्यात आजारी जोडीदाराला सांभाळणारे असतील. त्यांच्यासाठी बदली माणूस लागतो, म्हणजे ‘मंगळवारी साडेचार ते साडेपाच काकांजवळ मी बसतो’ असं ठरवणारा शेजारी. काहींसाठी कार्यक्रमच मजल्यावर न्या : लिफ्टसमोर सहा खुर्च्या, एक पेपर, वीस मिनिटं मोठ्यानं वाचन. दार उघडं ठेवून ऐकलं तरी चालतं. पुढच्या वेळी खुर्ची दारात येते.

पडलेल्या काकूंकडे आजच जा, समितीच्या बैठकीआधी. ‘वर्गाला कधी येताय?’ असं विचारू नका. पडण्याची भीती बसली की माणूस हालचाल कमी करतो, पाय आणखी अशक्त होतात आणि पुन्हा पडतो. ही साखळी सुरू होऊन महिना झालाय. फिजिओथेरपिस्टला सोबत न्या. त्यांच्याच घरात, त्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीतून, हाताचा आधार घेऊन पाच वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. आठवड्यानं दारापर्यंत, मग लिफ्टसमोरच्या खुर्च्यांपर्यंत. आणि वाळूच्या पिशव्या शिवायच्या आहेत, वीस लागतील. घरी शिलाई मशीन आहे का, ते विचारून या.